विंडोज नव्याने टाकताना दुसऱ्या हार्ड डिस्कवरचा डेटा कसा वाचवायचा

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की एक सल्ला हमखास मिळतो: "सरळ फॉरमॅट मार आणि विंडोज नव्याने टाक." मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला, त्यामुळे ज्यांचं मशीन नीट चालतंय त्यांच्यावरही ही वेळ आली आहे. मग पहिली धाकधूक एकच असते. सी ड्राइव्हवरचं गेलं तर गेलं, पण दुसऱ्या डिस्कवर फोटो, हिशेब, प्रोजेक्ट असं सगळं भरून ठेवलंय, त्याचं काय?

विंडोजचा इन्स्टॉलर आपणहून दुसऱ्या डिस्कवरचा डेटा पुसत नाही. तुम्ही जे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा जो भाग, दाखवाल तिथेच तो विंडोज टाकतो. तरीही लोकांचा डेटा जातो, आणि बहुतेकदा दोनच कारणांनी जातो. एक तर "विंडोज कुठे टाकायचं" असं विचारणाऱ्या पडद्यावर चुकीची ओळ निवडली जाते. किंवा मग डिस्कला कोणी बोटही लावलेलं नसतं, पण ती उघडायची सोय जुन्या विंडोजबरोबर पुसली जाते. पहिल्या कारणाची भीती सगळ्यांना असते. दुसऱ्याचा पत्ताच नसतो, म्हणून मला ते जास्त घातक वाटतं.

डी म्हणजे दुसरी डिस्कच असं धरून चालू नका

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डावीकडे डिस्क ०, डिस्क १ असे चौकोन दिसतील आणि प्रत्येकासमोर आडव्या पट्ट्या. सी आणि डी या दोन्ही पट्ट्या एकाच चौकोनासमोर असतील तर तुमच्याकडे दुसरी डिस्क नाहीच. एकाच डिस्कचे दोन भाग केलेले आहेत. ती डिस्क बिघडली, किंवा कुणी ती अख्खी पुसली, तर डी पण गेला. अशांनी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण कॉपी घेतल्याशिवाय पुढे सरकूच नये.

चौकोन दोन असतील तर त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. पुढे इन्स्टॉलरमध्ये हाच फोटो कामाला येतो, कारण तिथे सी, डी ही अक्षरं दिसतच नाहीत. दिसतो तो फक्त ड्राइव्हचा नंबर, पार्टिशनचा नंबर, आकार आणि नाव दिलेलं असेल तर नाव. नंबरावर विसंबू नका. डिस्क कुठल्या पोर्टला जोडली आहे आणि मशीनला ती कधी सापडली यावर तो ठरतो. आज डिस्क १ असलेली तिथे ड्राइव्ह ० म्हणून उभी राहू शकते.

आकार मात्र खोटं बोलत नाही, फक्त तो वाचायची पद्धत माहीत हवी. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्यामुळे १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५ आणि २५६ जीबीची २३८. "माझी डिस्क तर ५०० ची आहे, ही ४६५ वाली दुसरीच कुठली तरी दिसतेय" असा गोंधळ इथूनच होतो. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर आकाराचा उपयोग संपला. तेव्हा नाव कामी येतं. फाइल एक्सप्लोररमध्ये डेटाच्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून रिनेम करा आणि इंग्रजी अक्षरांत "फोटो" किंवा "डेटा" असं सरळ नाव द्या. बारा सेकंदांचं काम आहे, आणि इन्स्टॉलरच्या यादीत त्या पार्टिशनसमोर ते नाव झळकतं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये "डायनॅमिक" असं लिहिलेलं दिसलं, किंवा दोन-तीन डिस्क एकत्र करून एक मोठा ड्राइव्ह केलेला असेल, तर तुमची केस वेगळी आहे. त्यातली एकच डिस्क काढून ठेवणं, दुसरी पुसणं असले प्रयोग करू नका. आधी सगळा डेटा बाहेर काढा.

कुलूप डीला, किल्ली सीवर

बिटलॉकर ही विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करण्याची सोय. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन-इन केलं की ती "डिव्हाइस एन्क्रिप्शन" या नावाने आपोआप सुरू होते. मालकाला त्याची खबरही नसते, कारण रोजच्या वापरात काही वेगळं जाणवत नाही. आतल्या दुसऱ्या डिस्कलाही असं कुलूप लागलेलं असू शकतं.

आता खरी गोम अशी, की डेटाच्या ड्राइव्हचं कुलूप रोज विंडोज सुरू होताना आपोआप उघडतं. ते उघडणारी किल्ली सी ड्राइव्हवर, म्हणजे चालू विंडोजच्या पोटात ठेवलेली असते. तुम्ही सी पुसला की किल्लीही गेली. नवं विंडोज सुरू होतं, डी जागेवर असतो, आकार बरोबर दिसतो, पण त्यावर कुलपाचं चिन्ह असतं आणि तो पासवर्ड किंवा रिकव्हरी की मागतो. ही की ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. पासवर्डही नाही आणि कीही नाही, तर डेटा उघडायला मागचा दरवाजा कुठलाच नाही. मायक्रोसॉफ्टही काही करू शकत नाही. डेटा रिकव्हरीवालेही नाही.

म्हणून विंडोजच्या पेन ड्राइव्हला हात लावायच्या आधी फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतंय का ते बघा. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमधलं "मॅनेज बिटलॉकर" उघडा, होम असेल तर सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" शोधा. कुलूप असेल तर रिकव्हरी की कागदावर छापा किंवा दुसऱ्या मशीनवर ठेवा. त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून उपयोग काय?

इथे एक बारीक खाच आहे. प्रत्येक ड्राइव्हची की वेगळी असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये एक की दिसली म्हणून निवांत झालेल्या माणसाकडे अनेकदा फक्त सी ड्राइव्हची की असते. प्रत्येक कीसोबत तिचा एक आयडी असतो. तो तुमच्या डेटा ड्राइव्हच्या आयडीशी जुळवून बघा. इतकी यातायात नको असेल तर डेटाच्या ड्राइव्हचं बिटलॉकर आधी पूर्ण बंद करा. मोठ्या डिस्कवर त्याला काही तास लागतात, पण लागू देत. रात्री लावून झोपा.

याच्याहून जुना आणि कमी भेटणारा प्रकार म्हणजे एकेका फाइलचं एन्क्रिप्शन. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्ड या बटणामागे, कधीतरी कुणी टिक केलेली असते. अशा फाइलच्या आयकॉनवर छोटं कुलूप असतं. तिची किल्ली म्हणजे तुमच्या युजर प्रोफाइलमधलं एक सर्टिफिकेट, आणि तेही सी ड्राइव्हवरच. ते प्रायव्हेट कीसकट एक्स्पोर्ट करून ठेवा, नाहीतर त्या फाइलींची ती टिक काढून टाका. ऑफिसातून आलेल्या जुन्या मशीनवर हे जरूर तपासा.

या दोन्हींच्या तुलनेत "या फोल्डरची परवानगी तुम्हाला नाही" हा नव्या विंडोजचा निरोप अगदीच किरकोळ आहे, तरी लोक तोच बघून हादरतात. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, त्याच्या अकाउंटला दिलेल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. नव्या विंडोजवर तुम्ही तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी क्रमांक नवा मिळतो, म्हणून डिस्कवरच्या जुन्या फोल्डरांना तुम्ही परके ठरता. ॲडमिन अकाउंटवरून "कंटिन्यू" दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबवर जाऊन मालकी स्वतःकडे घ्यायची. फाइली भरपूर असतील तर वेळ जातो, डेटा जात नाही.

डीवर आहे असं वाटतं, पण नसतं

"माझं सगळं डीवरच असतं" असं म्हणणाऱ्यांचा डेस्कटॉप आणि डाउनलोड्स बहुधा सीवर असतात. डॉक्युमेंट्सचंही तेच. ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आउटलुकच्या मेलच्या फाइली, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटा, मराठी टायपिंगसाठी टाकलेले फॉन्ट, हे सगळंही तिथेच. दुसरी डिस्क जपण्याच्या नादात हे मागे राहतं.

वनड्राइव्हचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला असेल तर आणखी एक फसवणूक संभवते. ज्या फाइलीसमोर ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या डिस्कवर नसतेच. फक्त नाव आणि आकार दिसतो, खरी फाइल सर्व्हरवर असते. ती हवी असेल तर आधी "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करून उतरवून घ्या.

उलट बाजूने, डीवर टाकलेली सॉफ्टवेअर डीवर शाबूत राहतील, पण बरीचशी चालणार नाहीत. त्यांच्या नोंदी जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत होत्या. ती पुन्हा टाकावी लागतात.

आणि कॉपी? ती हवीच. डेटा दुसऱ्या डिस्कवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं होत नाही. एकच प्रत असेल तर ती पहिल्या डिस्कवर असो की दुसऱ्या, प्रत एकच. बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर दुसरी प्रत करा, दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्स ताडून पाहा, चार-दोन फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणार नाही. मोठे व्हिडिओ नेमके तिथेच अडतात. कॉपी झाली की ती डिस्क काढून बाजूला ठेवा, इन्स्टॉल करताना जोडलेली नको.

विंडोजचा इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह बनवतानाही सावध राहा. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किमान ८ जीबीचा ड्राइव्ह मागतं आणि त्यावरचं सगळं पुसून टाकतं. ते चालवताना बॅकअपची डिस्क जोडलेली असेल आणि यादीत तीच निवडली गेली, तर इन्स्टॉल सुरू होण्याआधीच खेळ खल्लास.

केबल काढा

डेस्कटॉप असेल तर यापेक्षा चांगला उपाय नाही. कॉम्प्युटर शट डाउन करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप बाजूला राहून मशीन खरोखर पूर्ण बंद होतं. मग प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा. डेटाच्या डिस्कला दोन केबल असतात: मदरबोर्डकडून येणारी चपटी अरुंद साटा केबल आणि पॉवर सप्लायकडून येणारी रुंद केबल. साटा केबलच्या टोकाला छोटी धातूची पट्टी असेल तर ती दाबूनच ओढा, नाहीतर कनेक्टर तुटतो. ही एक केबल निघाली की इन्स्टॉलरच्या लेखी तुमची डिस्क अस्तित्वातच नाही. जे दिसत नाही ते चुकून निवडताही येत नाही.

लॅपटॉपमध्ये किंवा एम.२ या मदरबोर्डवरच्या खाचेत बसणाऱ्या एसएसडीला (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) केबल नसते. काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, तो पोर्ट किंवा स्लॉट तात्पुरता बंद करता येतो, तसं असेल तर करा. लॅपटॉप उघडायची सवय नसेल आणि बायोसमध्येही सोय नसेल, तर डोळे उघडे ठेवून पुढे जायचं.

तो एक पडदा

डिस्क जोडलेली ठेवून काम करत असाल तर सगळं लक्ष "विंडोज कुठे टाकायचं" या यादीवर ठेवा. जुन्या विंडोजच्या डिस्कवर सहसा तीन-चार पार्टिशन असतात: साधारण १०० एमबीचं सिस्टिम पार्टिशन, १६ एमबीचं राखीव, मोठं मुख्य पार्टिशन आणि एखादं रिकव्हरीचं. डेटाच्या डिस्कवर बहुधा एकच मोठं पार्टिशन असतं. मोबाइलमधला फोटो शेजारी धरून ओळी जुळवा. विंडोजच्या डिस्कवरची पार्टिशनं काढून टाकायची, उरलेली रिकामी जागा निवडायची आणि नेक्स्ट. बाकीची पार्टिशनं इन्स्टॉलर स्वतः बनवतो.

इथलं डिलीट बटण तिथल्या तिथे अमलात येतं. "आधी सगळं ठरवू, शेवटी नक्की करू" अशी सोय विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही. मागे जाऊन रद्द करता येत नाही.

या पडद्यावरचा सगळ्यात फसवा प्रकार असा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर लोड केल्याशिवाय इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. अशा मशीनमध्ये दुसरी साधी हार्ड डिस्क असेल तर यादीत एकच डिस्क उरते: तुमच्या डेटाची. माणूस म्हणतो, एकच दिसतेय म्हणजे हीच असणार. आकार बघायचं भान राहत नाही. तुम्हाला विंडोज ४७६ जीबीच्या एसएसडीवर टाकायचंय आणि समोर फक्त ९३१ जीबीची डिस्क दिसतेय, तर थांबा. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" वापरा. एसएसडी यादीत आली की मगच पुढे.

आणखी एक भानगड नंतर उपटते. डेटाच्या डिस्कवर पूर्वी कधी विंडोज असेल तर तिथे जुनं सिस्टिम पार्टिशन उरलेलं असतं. इन्स्टॉलर कधी कधी विंडोज एका डिस्कवर टाकतो आणि मशीन सुरू करायला लागणाऱ्या बूट फाइली या जुन्या पार्टिशनमध्ये. सगळं छान चालतं. मग वर्षभराने तुम्ही ती डेटाची डिस्क काढता आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही. केबल काढून इन्स्टॉल केलं तर हे घडतच नाही. केबल काढण्याचा आग्रह मी धरतो त्यामागे हेही एक कारण आहे.

पेन ड्राइव्ह न वापरता सेटिंग्जमधून "रीसेट धिस पीसी" करणार असाल तर "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडल्यावर "चेंज सेटिंग्ज" उघडून बघा. मशीनमध्ये एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर तिथे "सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली पुसायच्या का" असा पर्याय असतो. तो "नो" वरच हवा. कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेली रिकव्हरी मात्र आपल्या मर्जीने वागते. तिच्यावर मी तरी विश्वास टाकणार नाही.

लिनक्स टाकणाऱ्यांसाठी

उबुंटूसारख्या इन्स्टॉलरमध्ये "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा सोपा पर्याय नेमकी कुठली डिस्क पुसणार ते नीट वाचा. मॅन्युअल पार्टिशनिंग घेतलं तर डेटाच्या पार्टिशनसमोरचा फॉरमॅटचा चौकोन रिकामा आहे ना, एवढं पाहा. लिनक्स डिस्कांना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं दर वेळी मशीन सुरू करताना बदलू शकतात, म्हणून ओळख आकारावरून आणि मॉडेलवरून पटवा. नंतर डिस्क कायमची जोडतानाही एफएसटॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक, वापरा. विंडोज फास्ट स्टार्टअपने अर्धवट बंद झालेलं असेल तर लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. त्यावेळी डिस्क बिघडली असं समजू नका.

डिस्क परत जोडल्यावर

नवं विंडोज सुरळीत चालू झालं, अपडेट झाले, की मशीन पूर्ण बंद करून केबल परत लावा. ड्राइव्हला डीऐवजी ई किंवा एफ अक्षर मिळालं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून ते बदलता येतं. डिस्क दिसलीच नाही तर तिथेच बघा, कधी कधी फक्त अक्षर दिलेलं नसतं.

या टप्प्यावर दोन खिडक्या येऊ शकतात आणि दोन्हींत कॅन्सलच दाबायचं. "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल" ही एक, आणि "इनिशियलाइझ डिस्क" ही दुसरी. दोन्हींचा अर्थ एवढाच, की डिस्कवर काय आहे ते विंडोजला या क्षणी वाचता येत नाहीये. कारण सैल केबलचंही असू शकतं, जुन्या लिनक्सच्या पार्टिशनचंही. ओके दाबलं की भरलेली डिस्क रिकामी म्हणून पुढे वापरायला घेतली जाते.

आणि पुसलंच गेलं असेल तर

त्या डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ देऊ नका. कॉम्प्युटर बंद करा. इन्स्टॉलरमधलं फॉरमॅट क्विक असतं आणि पार्टिशन डिलीट केल्याने फक्त नोंद जाते. त्यामुळे साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर डेटा बराचसा जागेवरच असतो, जोपर्यंत त्यावर नवं काही लिहिलं जात नाही. एसएसडीवर मात्र ट्रिम ही आज्ञा मोकळी झालेली जागा लगेच साफ करायला घेते, तिथे आशा फार कमी. पूर्ण फॉरमॅट केला असेल तर विंडोज व्हिस्टापासून तो डिस्कभर शून्यं लिहितो, मग काहीच हाती लागत नाही.

हार्ड डिस्क असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून टेस्टडिस्क या मोफत सॉफ्टवेअरने हरवलेलं पार्टिशन शोधता येतं. ते सापडलं तर फोल्डर, नावं, सगळं जसंच्या तसं मिळतं. नाही सापडलं तर त्याचंच भावंड फोटोरेक. ते फाइलींचे अवशेष धुंडाळून फोटो, व्हिडिओ, पीडीएफ बाहेर काढतं, पण मूळ नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने एका ढिगात येतात, म्हणून त्याला दुसरा नंबर द्या. वाचवलेल्या फाइली ठेवायला वेगळी डिस्क घ्या, त्याच डिस्कवर उतरवू नका. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.